डावीकडून येणारी भिंत

जॅबरी टॉलिव्हर बफेलोला उतरला तेव्हा विमानतळावर त्याला आणायला मी गेलो, कारण दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. संघाच्या गाडीवाल्याची पाठ अचानक धरली. प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या बाईंच्या मुलाला ताप आला. मी अडुसष्ट वर्षांचा, मिलर्स या बास्केटबॉल संघाचा बचावाचा प्रशिक्षक. सगळे मला पॉप्स म्हणतात, म्हणजे बाबा. मला ऐनवेळी सबब सुचली नाही.

फेब्रुवारीचा महिना होता आणि सरोवरावरून येणारा बर्फ आडवा पडत होता. तो बाहेर आला तो पातळ जाकीट घालून. एका हातात बॅग, दुसऱ्या काखेत स्वतःची उशी. साडेसहा फूट उंच माणूस उशी घेऊन चालताना पाहून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"तुम्ही पॉप्स ना?" गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं. "वेन्डेल ओक्सला तुम्ही घडवलंत म्हणे."

"तो आपला आपण घडला. मी त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली."

"म्हणजे तुम्हालाही मी नकोय."

मी काचेवरचे वायपर जोरात केले.

खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. वेन्डेल आमच्या गावाचा. नऊ वर्षांचा असताना तो चर्चच्या तळघरातल्या मैदानावर माझ्याकडे खेळायला आला होता. पुढे नऊ हंगाम तो मिलर्सकडून खेळला. आमच्या मालकांनी त्याला एका गुरुवारी दुपारी सॅन डिएगोला देऊन टाकलं आणि बदल्यात तिथला जॅबरी घेतला. वेन्डेलला ही बातमी दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना कळली. आमच्याकडे असंच असतं. सकाळी ज्याच्याबरोबर सराव केला, तो संध्याकाळी दुसऱ्याचा झालेला असतो. त्यात कोणाचा गुन्हा नसतो. पण राग कुठेतरी काढावाच लागतो, आणि मालक काही आंघोळीला आमच्यात येत नाहीत.

शिवाय जॅबरीचं एक जुनं पाप होतं. तीन वर्षांपूर्वी, याच गावात, याच मैदानावर, त्यानं शेवटच्या सेकंदाला चेंडू टाकून आम्हाला स्पर्धेबाहेर काढलं होतं. टाकल्यावर तो प्रेक्षकांकडे वळला, ओठांवर बोट ठेवलं आणि तसाच सगळ्या मैदानाला फेरी मारून आला. अठरा हजार माणसं गप्प. ते बोट बफेलोत कोणी विसरलं नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत वेन्डेलची जागा दाराजवळ होती. तिच्यावरची नावाची पट्टी अजून तशीच होती. जॅबरी बॅग घेऊन तिथे पोहोचला, तर मॅलिक स्ट्रोदरनं त्या जागेवर पाय पसरले. मॅलिक आमचा कप्तान, सव्वाशे किलोचा, मधल्या जागी खेळणारा. वेन्डेलचा जिवलग, त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता.

"इथे माणूस आहे," मॅलिक म्हणाला.

"मला दिसत नाही."

"आम्हाला दिसतो. तुझी जागा तिकडे, शॉवरपाशी. ओल येते थोडी. तू कॅलिफोर्नियाचा, तुला पाण्याची सवय असेल."

खोली हसली. जॅबरी हसला नाही, चिडलाही नाही. शॉवरपाशी जाऊन त्यानं बॅग ठेवली, बाकावर बसला, आणि स्वतःच्या बोटांना स्वतःच पट्टी गुंडाळायला लागला.

"पट्टी बांधायला इथे माणूस असतो रे, राजे," कोणीतरी ओरडलं.

"तो तुमचा माणूस," जॅबरी म्हणाला. "तो माझा अंगठाच खांबाला बांधून ठेवेल."

आता मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी लहान मुलांना ती पहिल्याच दिवशी सांगतो, कारण ती कळली नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

समजा तुम्ही चेंडूवाल्या माणसाला अडवताय. तुमची नजर त्याच्यावर खिळलेली. तेवढ्यात त्याचा एक धिप्पाड साथीदार तुमच्या बाजूला, किंचित मागे, येऊन खांबासारखा उभा राहतो. हलत नाही, मारत नाही, नुसता उभा. चेंडूवाला त्याच्या अंगाला घासून पळतो, तुम्ही त्याच्यामागे धावता, आणि थेट त्या भिंतीवर आदळता. या भिंतीला आम्ही स्क्रीन म्हणतो. ती नियमात बसते.

तुम्हाला ती दिसत नाही. पण तुमच्या मागे उभा असलेला तुमचा सोबती, जो त्या धिप्पाड माणसाला अडवत असतो, त्याला ती येताना दिसते. त्यानं ओरडायचं: "डावीकडे!" किंवा "उजवीकडे!" बस, एक शब्द. तेवढ्यावर तुम्ही खांदा वळवता आणि वाचता. चेंडू कसा टाकावा यावर दहा माणसांची दहा मतं असतील. हाक देण्यावर दोन मतं नाहीत. घरी भांडण असो, बायकोवरून भांडण असो, हाक द्यायची. हाक न देणं म्हणजे शिडीवर चढलेल्या माणसाची शिडी सोडून देणं.

आमच्या संघात जॅबरीच्या मागे उभा राहणारा माणूस होता मॅलिक.

पहिला सामना बुधवारी झाला. जॅबरीचं नाव पुकारलं तेव्हा अठरा हजार लोकांनी आधी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग जी हुर्यो उडवली ती खेळ सुरू झाल्यावरही थांबली नाही. आमच्याच मैदानावर, आमच्याच खेळाडूची. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या संघाचा गडी डावीकडून येऊन उभा राहिला. जॅबरी छातीनं त्याच्यावर आदळला आणि खाली बसला. चेंडूवाला मोकळा सुटला. दोन गुण.

"टॉलिव्हर!" आमचे मुख्य प्रशिक्षक जीन पेट्रोन ओरडले. "कान विकलेस का सॅन डिएगोत?"

जॅबरी उठला. पेट्रोनकडे नाही, मॅलिककडे पाहिलं. मॅलिक जाळीकडे पाहत होता.

त्या सामन्यात असं तीनदा झालं, पुढच्या सामन्यात चारदा. बरगडीवर बशीएवढा काळानिळा डाग उमटला. पेट्रोन त्याला मूर्ख म्हणत होते, वर्तमानपत्रं आळशी म्हणत होती. रेडिओवर एकानं फोन करून सांगितलं, की याला आंधळ्यांच्या संस्थेला दान करा.

मी बाकावर बसून पाहत होतो. माझं कामच ते. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या खेपेला मला कळलं होतं की मॅलिकचं तोंड उघडत नाही. आणि आणखी एक गोष्ट दिसत होती, ती मला जास्त टोचत होती. जागा उलट झाल्या, मॅलिक पुढे आणि जॅबरी मागे असला, की जॅबरी घसा फाटेपर्यंत ओरडायचा: "मॅलिक, उजवीकडे! उजवीकडे!" प्रत्येक वेळी. एकही हाक त्यानं चुकवली नाही.

मी बोललो नाही. स्वतःला म्हटलं, दुःखात आहेत पोरं, आठवड्याभरात निवळेल. मी वेन्डेलला रोज संध्याकाळी फोन करत होतो, आणि मॅलिकचं तोंड बंद पाहून माझ्या मनाला कुठेतरी थंडावा मिळत होता. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण ते तसंच होतं.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे चित्रफीत पाहायला बसलो. सामन्याची ही फीत मीच कापून तयार करतो. तिला आवाज नसतो, नुसती माणसं धावताना दिसतात. पेट्रोननी जॅबरीची पडझड एकापाठोपाठ एक लावली.

"बघ, इथे. आणि इथे. शाळेतली पोरं बरी. हाक ऐकू येत नाही का?"

"फीत थांबवा, पॉप्स," शेवटच्या रांगेतून जॅबरी म्हणाला.

मी थांबवली.

"मागे घ्या. अजून थोडी. आता मॅलिकच्या तोंडाकडे बघा."

पडद्यावर मॅलिक होता. हात पसरलेले, डोळे उघडे, ओठ मिटलेले.

"ओरडलो होतो," मॅलिक म्हणाला. "आधीच ओरडलो होतो. तुझ्यासाठी लोक एवढी आरती करत होते, त्यात ऐकू कसं येणार?"

दोघं-तिघं फिस्सकन हसले.

"कोच, हा खोटं बोलतोय."

"ए, जपून!" मॅलिक उभा राहिला. "आठ वर्षं मी या संघात आहे. तू आठ दिवस."

"आठ दिवसांत माझ्या बरगड्या मोजून झाल्या तुझ्यामुळे." जॅबरी माझ्याकडे वळला. "पॉप्सना विचारू. बचाव यांचा, फीत यांची. पॉप्स, यानं हाक दिली का?"

खोलीत चौदा माणसं होती. सगळी माझ्याकडे बघायला लागली. मॅलिकसुद्धा. त्याच्या नजरेत भीती नव्हती, खात्री होती.

मी म्हणालो, "गोंगाट फार होता. सांगता येत नाही."

जॅबरीनं मान डोलावली, जणू दुकानदारानं अपेक्षित उत्तर दिलं. "बरं," म्हणाला आणि खाली बसला.

बाहेर पडताना बोळात मॅलिकनं त्याला गाठलं. मी मागेच होतो.

"तीन वर्षांपूर्वी तू इथे फेरी मारलीस ना, बोट ठेवून?" मॅलिक हळूच म्हणाला. "सगळ्यांना गप्प राहा म्हणालास. मी तुझं ऐकतोय, बाबा. गप्प आहे."

"तेव्हा मी तुमच्या विरुद्ध खेळत होतो."

"अजूनही तसंच आहे."

पुढच्या रविवारी दुपारी सॅन डिएगो आमच्याकडे आलं. वेन्डेल परत आला. लोक उभे राहिले, बायका रडल्या, चार मिनिटं टाळ्या थांबल्या नाहीत. मीही टाळ्या वाजवल्या. बाद फेरीत जायचं तर असे सामने जिंकणं भाग होतं, पण त्या चार मिनिटांत कोणाला ते आठवत नव्हतं.

वेन्डेलला अडवायचं काम जॅबरीकडे होतं.

वेन्डेल माझा विद्यार्थी. त्याला मैदान वाचता येतं. पहिल्या सत्रात त्याच्या संघाचा धिप्पाड गडी डावीकडून येऊन उभा राहिला, मॅलिक गप्प, जॅबरी आदळला, वेन्डेल मोकळा. दोन गुण. परत धावताना वेन्डेलनं मान वळवून मॅलिककडे पाहिलं, मग पडलेल्या जॅबरीकडे. मी त्याचा चेहरा वीस वर्षं ओळखतो. त्याला कळलं होतं.

मला वाटलं, आता तो हे करणार नाही. मित्राची लाज तो झाकेल.

त्यानं आपल्या गड्याला खूण केली: पुन्हा, डावीकडून. दोन गुण. पुन्हा. तीन गुण. तिसऱ्या वेळी मॅलिकजवळून जाताना तो म्हणाला, आणि बाकापर्यंत ऐकू आलं, "असाच राहा, दोस्ता. आज तुझ्यावर माझं पोट भरतंय."

मॅलिकचा चेहरा पडला. पण तोंड उघडलं नाही. कधीकधी माणूस हट्ट सोडत नाही, कारण सोडला तर धरला होता हे कबूल करावं लागतं.

चौथ्या सत्रात सहा मिनिटं उरली होती आणि आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. जॅबरीचा खालचा ओठ फुटला होता. पेट्रोननी टाइमआउट घेऊन खेळ थांबवला. सगळे घोळका करून उभे राहिले.

"टॉलिव्हर, बस," पेट्रोन म्हणाले. "पुरे झालं. बहिऱ्याला घेऊन मी लढू शकत नाही."

जॅबरीनं टॉवेल उचलला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी खोलीत त्यानं मला एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारणारा तो माणूस नव्हता.

"जीन," मी म्हणालो. "चूक त्याची नाही."

"काय?"

"मॅलिक हाक देत नाहीये. एकही नाही. जॅबरी आल्यापासून. मॅलिकला बसव."

लाउडस्पीकरवर गाणं वाजत होतं.

"पॉप्स," मॅलिक म्हणाला, "कोणासाठी बोलताय तुम्ही? समोर वेन्डेल आहे. तुमचा वेन्डेल."

"दिसतोय मला."

"मग?"

"मग बस खाली."

पेट्रोननी माझ्याकडे पाहिलं, मग मॅलिककडे. मॅलिकनं "हे खोटं आहे" असं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. पेट्रोननी आंद्रिसला उठवलं. आंद्रिस लाटव्हियाचा, छत्तीस वर्षांचा, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण आवाज मालगाडीच्या भोंग्यासारखा. कप्तान बाकावर आणि जॅबरी मैदानात, हे पाहून लोकांनी कागदी पेले फेकायला सुरुवात केली. एक माझ्या पाठीवर फुटला. बियर होती.

वेन्डेलनं खूण केली. धिप्पाड गडी डावीकडे सरकला. "डावीकडे!" आंद्रिस गरजला. जॅबरीनं खांदा वळवला, भिंतीला घासून निसटला, आणि वेन्डेलच्या हातातला चेंडू वरच्यावर उडवला. पुढच्या वेळीही तेच. वेन्डेलनं बाजू बदलली, "उजवीकडे!" तेही बंद. दुसऱ्या टोकाला जॅबरीनं अकरा गुण केले, एकट्यानं, कारण कोणी त्याला चेंडू देत नव्हतं आणि तो हिसकावून घेत होता.

तरी आम्ही हरलो. शेवटच्या सेकंदाला वेन्डेलनं जॅबरीच्या पसरलेल्या हातावरून चेंडू टाकला आणि तो थेट जाळीत गेला. एका गुणानं. चांगली होती ती फेक. लोकांनी आमच्या पराभवाला टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले.

वेन्डेल मला भेटायला आला. मिठी मारली.

"चौथ्या सत्रात मॅलिकला कोणी बसवलं?"

"मी."

"एवढा वेळ का लावलात?" तो म्हणाला. "दहा वर्षांचा होतो तेव्हा एक हाक चुकली म्हणून तुम्ही मला मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या होत्या. मी ओकलो होतो. मला वाटलं, तुम्हाला आज दिसलंच नाही. डोळे गेले म्हटलं म्हाताऱ्याचे."

तो हसत होता.

खोलीत आलो तर सगळे पाठ करून बसले होते. मॅलिक निघून गेला होता. जॅबरी शॉवरपाशी ओठावर बर्फ धरून बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"आभार मानायला हवेत का मी?" त्यानं विचारलं.

"नको."

"बरं झालं. कारण सोमवारी तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या सामन्यापासून."

त्यानं बर्फ दुसऱ्या हातात घेतला. "आज तुम्ही एका टाइमआउटमध्ये बोललात. गाणं चालू होतं, निम्म्यांनी ऐकलंच नसेल. त्या खोलीत मला चौदा जणांसमोर खोटं ठरवलंत. आता चौदा जणांसमोर सांगा. नाहीतर राहू द्या. पण मग माझ्याशी बचावावर एक शब्द बोलू नका. कळलं का, पॉप्स?"

"पॉप्स" हा शब्द त्यानं असा उच्चारला की त्याला धार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फितीसाठी जमले. मॅलिकही आला, पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी आदल्या दिवसाची फीत लावलीच नाही. गेल्या सोमवारचीच लावली, तिथेच थांबवली: मॅलिक, हात पसरलेले, ओठ मिटलेले.

"यावर मला गेल्या सोमवारी विचारलं होतं," मी म्हणालो. "मी म्हणालो, गोंगाट होता, सांगता येत नाही. ते खोटं होतं. मला दिसत होतं. जॅबरी खरं बोलत होता. मॅलिकनं हाक दिली नाही, आणि मी ते झाकलं, कारण मला वेन्डेल हवा होता. मॅलिकचा एक दोष आहे. माझे दोन आहेत."

पेट्रोन छताकडे पाहत होते. कोणीतरी खुर्ची सरकवली.

"झालं?" मॅलिकनं विचारलं.

"माझं झालं."

"त्याच्या पाया पडू का आता? फुलं आणू?"

"नको," शेवटच्या रांगेतून जॅबरी म्हणाला. "तू आणलेली फुलं मी वास न घेता फेकेन. हाक दे फक्त."

"तू मला आवडत नाहीस."

"मी तुला कधी विचारलं?"

मग आम्ही मैदानात उतरलो. मी साधाच सराव लावला, मुलांना लावतो तो. आंद्रिस भिंत, एक जण चेंडूवाला, जॅबरी पुढे, मॅलिक मागे. बाकीचे कडेला उभे. कोणी थट्टा करत नव्हतं, आणि कोणी प्रोत्साहनही देत नव्हतं.

शिट्टी वाजवली. आंद्रिस दुखऱ्या गुडघ्यांनी डावीकडे येऊन उभा राहिला.

"हरामखोर उपऱ्या, डावीकडे!" मॅलिक ओरडला.

जॅबरीचा खांदा आंद्रिसवर आदळला. तो कळवळला, उभा राहिला, आणि वळून मॅलिकच्या छातीपाशी जाऊन थांबला. मला वाटलं, आता हात उचलला जाणार.

"आधी दिशा," जॅबरी म्हणाला. "शिवी नंतर दे. तुझी शिवी संपेपर्यंत मी भिंतीवर पोहोचतो."

"आता तू मला शिकवणार?"

"तो बरोबर बोलतोय," मी म्हणालो. "दिशा आधी. पुन्हा."

मॅलिकनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बरेच महिने त्यानं माझ्याशी कामापलीकडे बोलणं टाकलं त्याचं मला नवल वाटलं नाही. तो आपल्या जागी गेला. मी शिट्टी वाजवली. आंद्रिस निघाला.

"डावीकडे!" मॅलिक गरजला. "उपऱ्या!"

जॅबरी आंद्रिसच्या बाजूनं निसटून चेंडूवाल्यासमोर जाऊन उभा होता.

"पुन्हा," मी म्हणालो.